बाभळीची चाल

कारखान्यांची धुराडी पेटली की कोल्हापूरच्या हवेत मळीचा वास येतो. कागलकडनं वारा सुटला तर तो थेट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतनं आत शिरतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांना, उशीच्या अभ्र्यांना चिकटून बसतो. बाहेरगावचे पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. उसाच्या ट्रॉल्या रस्ते अडवायला लागतात, पोरं चालत्या ट्रॉलीतनं ऊस ओढतात, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव खातो. त्याच दिवसांत आमच्या गावात दुसरा एक हंगाम सुरू होतो, नाट्यस्पर्धेचा. खासबागेशेजारच्या नाट्यगृहाबाहेर फलक लागतात, गेल्या वर्षीचे रुसलेले नट यंदा दुसऱ्या संस्थेत दिसतात, आणि चहाच्या गाड्यावर उभं राहून प्रत्येक जण परीक्षक होतो. या दिवसांत लोकांना ताजा गूळ आठवतो, काकवी आठवते. मला एक सूड आठवतो.

यंदा त्या फलकावर तेच नाटक आहे. नव्या पोरांनी पुन्हा बसवलंय. 'मूळ संगीत' असं लिहून पुढं सरांचं नाव, आणि ते नाव नाटकाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. मी स्कूटर थांबवून तो फलक वरपासून खालपर्यंत वाचला. प्रकाशयोजनावाल्याचं नाव आहे, चहापान देणाऱ्या हॉटेलचं नाव आहे. आत्तीचं नाव नाही. मग म्हटलं, बास झालं आता.

आत्ती म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आमच्या नेसरीकडं कानडी मुलूख जवळ, त्यामुळं आत्याला आत्तीच म्हणतात. तिनं माझ्याकडनं वचन घेतलं होतं, "मी हाय तवर हे कुनाला सांगू नगंस. माझ्या मागनं मग बोंबल जा की गावभर." यंदाच्या पावसाळ्यात आत्ती गेली. तेव्हा आता बोंबलते.

पंचाण्णव-शहाण्णवच्या आसपासची ती थंडी. मी कॉलेजात होते आणि आत्तीकडं राहत होते. आत्ती एका बालवाडीत शिकवायची. लग्नानंतर लवकरच एकटी पडली होती, पण त्याचं रडगाणं तिनं कधी गायलं नाही. नाटक हे तिचं खरं घर. लहानपणी नेसरीत चौदा एप्रिलला जलसे व्हायचे, त्यात ती उभी राहून बोलायला लागली की शेवटच्या माणसापर्यंत शब्द जायचा, माईक नसताना. कोल्हापुरात आल्यावर हौशी संस्थांच्या नाटकांत तिला कामं मिळायची, पण कसली? मोलकरीण. दाई. पहिल्या अंकात मरणारी म्हातारी. दासी तर इतक्या वेळा केली की तिच्याकडं दासीचं स्वतःचं लुगडं होतं. एकदा तरी आख्खं नाटक आपल्या खांद्यावर असावं, पुस्तिकेत पहिल्या ओळीत आपलं नाव असावं, एवढीच तिची हौस. नावातच हौस होती तिच्या.

आणि त्या वर्षी सर तिच्या दारात आले. सर म्हणजे संगीताचे प्राध्यापक, संगीत नाटकं बसवणारे, गावात मान असलेले. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. का ते पुढं कळेल. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम आणि हातात लाकडी पट्टी. ती पट्टी टेबलावर आपटत ते ताल धरायचे. नाटक होतं एका गढीच्या राणीचं. नवरा लढाईत गेलेला, गढी घातानं पडलेली, आणि शेवटच्या अंकात राणी एकटी तटावर उभी राहून विलाप करते. सर आत्तीला म्हणाले, "बाई, या नाटकात मला नवीन काहीतरी करायचंय. त्यासाठी तुम्ही हव्यात." आत्तीनं त्यांना चहाबरोबर घरचं भडंग दिलं. ते गेल्यावर ती आरशापुढं उभी राहिली आणि पदर डोक्यावरनं दोन-तीन तऱ्हांनी घेऊन बघितला. मी हसले तर म्हणाली, "हसतीस कशापाय? रानी पदर कसा घेती ते बघाय लागंल का न्हाई?"

तालीम मंगळवार पेठेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. संध्याकाळी मुलांचे बाक भिंतीला सारून जागा करायची. खडूची धूळ, पायपेटीच्या भात्याचा श्वास, बाहेर गाड्यावर तळणाऱ्या वड्यांचा वास. मी आत्तीची सोबत म्हणून जायचे आणि तंबोरा लावून द्यायचे. तिथंच सरांनी पहिल्यांदा त्या फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली.

तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सात एक संगीतकार होऊन गेला, म्हणाले. स्वतःला सूर्य म्हणवून घेणाऱ्या राजाच्या दरबारात होता. त्या काळी गाणं म्हटलं की इटलीचंच, फ्रेंच भाषा गाण्याच्या लायकीचीच नाही असं खुद्द फ्रेंच लोक मानायचे. या माणसानं काय केलं? तो नाटकाच्या थिएटरात जाऊन बसायचा आणि एका नटीचं बोलणं ऐकायचा. ती वाक्य कुठं उचलते, कुठं टाकते, श्वास कुठं घेते. तिच्या बोलण्यात जो चढउतार होता, तोच त्यानं सुरांत धरला. तालसुद्धा वाक्याप्रमाणं बदलायचा. त्यामुळं त्याच्या ऑपेरात माणसं बोलता बोलता गातात, गाता गाता बोलतात. "नाहीतर आपण!" सर पट्टी आपटून म्हणाले. "आपल्या नाटकात गाणं आलं की गोष्ट थांबते. एसटी थांबवून चहा प्यावा तसं सगळे बसून राहतात. मला मराठी बोलण्यातनं मराठी गाणं काढायचंय!"

खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला माझ्या. माणूस हुशार होता. चोर हुशार असल्याशिवाय चोरी जमत नाही.

मग रोज तेच सुरू झालं. आत्ती राणीचं वाक्य बोलायची. सर डोळे मिटून ऐकायचे आणि पायपेटीवर तिचे सूर शोधायचे. "परत बोला, बाई." आत्ती परत बोलायची. "वरनं खाली येताना तुम्ही मध्ये थांबता, ते परत." आत्ती परत थांबायची. पहिल्यांदा ती लाजत होती. आमच्याकडं बायासुद्धा 'मी जातो, मी येतो' म्हणतात, त्यावर मंडळी हसायची. पण चार-आठ दिवसांत हसणं बंद झालं, कारण पायपेटीतनं खरंच आत्ती बाहेर यायला लागली होती. पहिला अंक झाला, दुसरा झाला. राणीचं सगळं बोलणं आत्तीच्या बोलण्यावर बेतलेलं. घरी येताना आत्ती रंकाळ्याच्या बाजूनं लांबच्या वाटेनं चालायची आणि पाण्याकडं बघून वाक्यं म्हणायची. इतकी खुश मी तिला आधी कधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही.

शेवटचा विलाप तेवढा राहिला होता. सर म्हणाले होते, "तो सगळ्यात शेवटी करू. त्यासाठी तुम्ही तयार व्हायला हव्यात."

त्याच आठवड्यात मी ते ऐकलं. तालमीच्या आधी मी पाणी प्यायला मागच्या नळावर गेले होते. पलीकडं सर आणि संस्थेचे दोन कार्यकर्ते चहा पीत उभे. एक जण म्हणाला, "पण सर, राणी म्हणून बाई?" सर म्हणाले, "छे हो. राणी घरंदाज दिसायला पाहिजे की नाही? मी पुण्याच्या एका गायिकेशी बोललोय. चांगली बैठक आहे, रूप आहे. बाईंकडनं फक्त बोलीचा ढंग घ्यायचा होता. तो मिळाला की झालं." दुसऱ्यानं विचारलं, "बाईंना काय सांगायचं मग?" सर म्हणाले, "प्रॉम्प्टिंगला बसवू. आख्खी संहिता पाठ आहे त्यांना. तेवढ्यानंही त्या खुश होतील."

घरंदाज. हा शब्द मी आजवर विसरलेले नाही. गावात आम्हाला तोंडावर कुणी काही बोलत नाही, शिकलेली माणसं आहेत सगळी. पण आमचं घर कुठल्या गल्लीत आहे, आमच्या भिंतीवर कुणाची तसबीर आहे, हे सगळ्यांना पाठ असतं, आणि वेळ आली की ते असा एखादा गोड शब्द खिशातनं काढतात.

मी रडत घरी गेले आणि आत्तीला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तव्यावरच्या भाकरीवर तिनं पाणी फिरवलं, ती उलटली, फुगू दिली, उतरवली. मग म्हणाली, "घरंदाज म्हनला व्हय?"

"व्हय."

"बरं."

मी म्हटलं, "बरं काय आत्ती? जाऊन तोंडावर थुंक त्याच्या! उद्यापासनं जायचंच नाही आपण!"

आत्ती म्हणाली, "येडी का खुळी तू? रुसून बसलं तर त्यो दुसरीकडनं काढंल काम. त्येला इलाप पायजे न्हवं? दितो की. असा दितो, जलमभर पुरंल."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते कळायला नेसरीची एक गोष्ट माहीत पाहिजे. माझी आज्जी, म्हणजे आत्तीची आई, भुईमुगाचा एक तुकडा करायची. शेजारी मोठ्या घरचा एक बागायतदार. त्यानं मुद्दाम आपले बैल आमच्या भुईमुगात सोडले. तक्रार करायची कुणाकडं? पंच त्याचेच. मग आज्जीनं त्या हंगामात रोज सकाळी बांधावर उभं राहून त्याला शाप दिला. एकच शाप, एकाच चालीत: "तुझ्या दारी बाभळ उगवंल रं, तुझ्या नावाचा दिवा इझंल!" सुरुवात वरच्या आवाजात, मग एकेक पायरी खाली, आणि 'रं' वर आवाज पुन्हा उचलून लांब धरायचा. का लांब? तर शेत मोठं होतं, आणि त्याचं घर शेताच्या पलीकडं. तिथपर्यंत पोचायला पाहिजे. शेवटचा शब्द दगड टाकल्यासारखा टाकायचा आणि कडाकडा बोटं मोडायची. आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना ही चाल येते. नेसरीत आजही ती सुरू झाली की माणसं म्हणतात, कुणाचं तरी वाटोळं निघालं.

तर दुसऱ्या दिवशी सर पायपेटीवर बसले. पट्टी बाजूला ठेवली. "बाई," म्हणाले, "राणीचं सगळं संपलंय असं समजा. अगदी आतनं येऊ द्या." ओळ होती, 'माझ्या दारी चांदणं थांबलं रे, माझ्या राजाचा दिवा विझला.' आत्ती उभी राहिली. पदर सावरून दोन्ही हात पदराखाली घेतले. सरांकडं बघितलं, अगदी नीट, डोळ्याला डोळा लावून. आणि ती ओळ म्हणाली.

चाल तीच! आवाज हळू, लय संथ, डोळ्यात पाणी. पण वरनं सुरुवात, एकेक पायरी खाली, 'रे' वर तो लांबच लांब उचललेला सूर, आणि शेवटचा शब्द टाकलेला. तंबोऱ्यावरचा माझा हात थांबला. पदराखाली बोटं मोडल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. सरांना नाही आला, त्यांचे डोळे मिटलेले होते.

"अहाहा!" सर म्हणाले. खरोखर रडत होते. "हेच! बाई, हेच हवं होतं मला! तो 'रे' कसा लांबवलात? जसं काही ती फार दूरच्या कुणाला हाक मारतेय!"

आत्ती म्हणाली, "व्हय सर. लांबच्याच मानसाला असतंय ते."

"परत बोला."

आत्ती परत बोलली. त्यांनी पाच-सहा वेळा बोलायला लावलं, आणि ती प्रत्येक वेळी सरांकडं बघून, मनापासून बोलली. सूर न् सूर त्यांनी टिपून घेतला. माणूस कामात चोख होता, कण सांडू दिला नाही.

परतीच्या वाटेवर मी हसून हसून बेजार. वाटेत एका रसवाल्याकडं आम्ही थांबलो. चरकातनं चिपाडं बाहेर पडत होती. आत्ती त्या चिपाडांकडं बघत रस प्याली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "आता सोताचा शाप त्योच गावभर वाजवून दाखवंल."

पुढं झालं ते ठरल्याप्रमाणंच. पुण्याची गायिका आली. बिचारी गुणी पोरगी, आत्तीच्या पाया पडली. मला तिची काळजी वाटली, म्हटलं, शाप तिला लागला तर? आत्ती म्हणाली, "तिला कशाला लागंल? ज्येचं नाव मनात घिऊन दिलाय त्यालाच लागतो. ती नुसती पोष्टमन." सरांनी आत्तीला प्रॉम्प्टिंगचं सांगितलं तेव्हा चेहरा अगदी दुःखी केला होता, आवाज बोलण्याचा आहे, गाण्याचा नाही, नाइलाज आहे वगैरे. आत्तीनं ऐकून घेतलं. मला वाटलं आता तरी ही उठून निघून येईल. पण ती विंगेतल्या स्टुलावर जाऊन बसली. तिला ते ऐकायचं होतं.

स्पर्धेच्या प्रयोगाला नाट्यगृह गच्च. बाल्कनीत मागं आमच्या गल्लीतल्या आणि गडहिंग्लज-नेसरीकडच्या दहा-बारा बायका. आत्तीची भूमिका आहे असं समजून आल्या होत्या, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. विलाप सुरू झाला. खालच्या रांगांतल्या साड्या आणि झब्बे स्तब्ध. आणि 'रे' लांबला तशी बाल्कनीत खळबळ. एकमेकींना कोपर मारणं, तोंडात पदर कोंबणं, खांदे गदागदा हलणं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, राणीच्या विलापानं खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांनाही अश्रू आवरेनात. सरांनी ते कात्रण चौकटीत घालून लावलं.

पहिला नंबर. मग मुंबईत अंतिम फेरी, तिथंही बक्षीस. मग मुलाखती. एका मुलाखतीत सरांना विचारलं, ही चाल सुचली कशी? सर म्हणाले, "नेसरीच्या मातीतून उचलली." मातीतून! रेडिओ फेकून देणार होते मी. माती बोलत नाही हो सर. मातीला घसा नसतो. उभं राहून परत परत बोलायला लावलेली एक बाई होती तिथं, तिनं तुम्हाला भडंग खायला घातलं होतं.

मी हात चोळत बसणाऱ्यांतली नाही. म्हटलं, पेपरवाल्यांना जाऊन सांगते. तेव्हा आत्तीनं मला हाताला धरून खाली बसवलं. "सांगितलंस तर त्येला कळंल," ती म्हणाली. "कळलं तर त्यो गायचं थांबंल."

"पण तुझं नाव?"

तिनं माझा हात सोडला. मग म्हणाली, "नाव एका बाजूला, ह्ये एका बाजूला. दोन्ही एकदम मिळत न्हाईत गं बाई आमास्नी. मी ह्ये घेतलं." आणि ते म्हणताना तिचा आवाज हलला. तेव्हा मला कळलं की तिनं हसत हसत केवढं देऊन टाकलंय. तिला राणी व्हायचं होतं. सूड हा त्याचा उतारा होता, पोट भरेल असं जेवण नव्हे. सरांवरचा राग त्या दिवशी माझ्यात कायमचा मुरला, लोणच्यासारखा.

मीही मग डूख धरला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन त्या फ्रेंच माणसाबद्दल मिळेल ते वाचलं. सरांनी आम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली होती! तो मुळात इटलीतल्या पिठाच्या चक्कीवाल्याचा पोरगा, पोरवयात फ्रान्सात आला आणि राजाच्या मर्जीत चढत गेला. राजाला स्वतः नाचायचा भारी शौक, हा त्याच्याबरोबर नाचायचा. मग त्यानं राजाकडनं सनदच मिळवली: संपूर्ण गायचं नाटक याच्या परवानगीशिवाय कुणी करायचं नाही. दुसऱ्यांच्या नाटकांत गाणारे किती, वाजवणारे किती, त्यावरही बंधनं आणली. त्याच्या ऑपेराच्या सुरुवातीला आपली नांदी असते तसा एक प्रवेश असायचा, पण त्यात देवाची स्तुती नाही, राजाची. मेणबत्त्यांच्या उजेडात लांब केसांचे टोप घालून सगळे सरदार ती ऐकत बसायचे. हे वाचताना मला काही परकं वाटलं नाही. टोपांच्या जागी फेटे आणि सनदेच्या जागी अनुदान एवढंच घाला, की आलं आपलं गाव.

आणि शेवट तर ऐकाच. हा माणूस जाडजूड काठी जमिनीवर आपटून ताल द्यायचा. राजा आजारातनं उठला म्हणून आनंदाचा जलसा होता, त्यात ती काठी त्यानं स्वतःच्याच पायाच्या बोटावर मारून घेतली. जखम चिघळली. पाय कापू देईना, नाचणारा ना! त्यातच गेला. मी ग्रंथालयात मोठ्यानं हसले. ग्रंथपाल चष्म्यावरनं बघायला लागला. नंतर कितीतरी दिवस मी सरांच्या पट्टीकडं आणि त्यांच्या अंगठ्याकडं आशेनं बघत होते.

त्या नटीबद्दल मात्र फार काही मिळालं नाही. कुठं दोन ओळी, कुठं एक. ती मेणबत्तीच्या उजेडात बोलत असताना खाली बसलेला तो माणूस तिच्या बोलण्याचे सूर खिशात घालत होता, हे तिला माहीत होतं का? मला वाटतं, होतं. बाईला कळतं कोण ऐकतंय आणि कोण काढून घेतंय. मला तर पक्की खात्री आहे की तिच्याही गावी एखादं शेत असणार, एखादा बांध असणार आणि बांधावर उभी राहणारी आई असणार. राजाच्या दरबारात लोक डोळे मिटून काय ऐकत होते, देव जाणे. म्हणून मी त्या संगीतकाराचं नाव इथं लिहिलेलं नाही, आणि सरांचंही नाही. नाव न छापलं जाण्याची चव जरा त्यांनाही कळू दे.

शापानं काय झालं, असं कुणी विचारेल. सरांच्या दारात बाभळ उगवली नाही. उलट बंगला झाला, दारात बोगनवेल आली. मी आत्तीला टोमणे मारायचे, "कुठाय तुझी बाभळ?" ती म्हणायची, "उगवतीय. घाई काय हाय?" आणि हळूहळू मलाही ती दिसायला लागली. सरांना त्यानंतर एकही चाल जमली नाही. तीन नाटकं केली, तिन्ही पडली. त्यांच्यासाठी बोलणारं आता कुणी नव्हतं. जिथं जातील तिथं लोक एकच मागायचे: सर, तो विलाप. बारशाला तो विलाप, गणपतीत तो विलाप, शाळेच्या स्नेहसंमेलनात तो विलाप. एका कार्यक्रमात मी त्यांना कंटाळून म्हणताना ऐकलं, "अहो, दुसरंही काही केलंय मी." कुणी ऐकलं नाही.

चार-पाच वर्षांमागं, असाच हंगाम, असाच मळीचा वास. सरांचा पंच्याहत्तरीचा सत्कार होता. जुन्या कलाकारांना आमंत्रणं गेली, आत्तीलाही आलं. तोवर तिचे गुडघे गेले होते, रिक्षातनं उतरवायला मला तिला धरावं लागलं. पण इस्त्रीची पांढरी साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, असा थाट. मंचावरनं नावं पुकारली. गायिकेला शाल, तबलजीला शाल. आत्तीच्या वेळी निवेदक म्हणाला, "आणि आपल्या जुन्या प्रॉम्प्टर बाई," आणि एका मुलीनं येऊन तिच्या हातात गुलाबाचं फूल दिलं. मी दात-ओठ खाल्ले. आत्तीनं फुलाचा वास घेतला.

मग लोक ओरडायला लागले, सर, तो विलाप! सर काठी टेकत माईकपाशी आले. आवाज पार गेला होता. तान नाही, मींड नाही, सूरही धड लागेना. गाणं म्हणायचं ते त्यांनी जवळजवळ बोलूनच दाखवलं. आणि काय सांगू! वर्षानुवर्षं गायकांनी त्या ओळीवर चढवलेले सगळे दागिने गळून पडले आणि आतनं नेसरीचा बांध वर आला. 'माझ्या दारी चांदणं थांबलं रे.' छातीवर हात ठेवून म्हणत होते. माझ्या दारी. तो 'रे' त्यांनी थरथरत लांबवला, शेताच्या पलीकडं पोचेल इतका. 'माझ्या राजाचा दिवा विझला.' शेवटचा शब्द दगडासारखा पडला. माझ्या शेजारी पदराखाली कडाकडा बोटं मोडली गेली.

टाळ्या थांबायच्या आत आत्ती उठली. मला न धरता उठली, त्या गुडघ्यांवर. जलशात उभी राहायची तशी, माईकशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "वन्स मोअर!"

सगळ्या सभागृहानं ते उचललं. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी आत्तीकडं बघून मान लववली आणि छातीवर हात ठेवून पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा सावकाश, पहिल्यापेक्षा मनापासून.

नंतर चहाच्या वेळी ते काठी टेकत आमच्यापर्यंत आले. आजूबाजूला माईक नव्हता, पेपरवाले नव्हते. खाली वाकून हळूच म्हणाले, "हौसाबाई, खरं सांगू? ही चाल तुम्हीच मला दिलीत."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. हौसाबाई दत्तू कांबळे, मुक्काम नेसरी. मी आत्तीकडं बघत राहिले. वाटलं, आता ही विरघळणार. तिनं गुलाबाचं ते फूल सरांच्या हातात ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि गोड हसून म्हणाली,

"व्हय सर. तुमच्यासाठीच दिलती की."